हा उतार माझा नाही

सुट्टीच्या सकाळी मी माझ्या खोलीत भिंतीला पाठ लावून मटार सोलत बसले होते आणि एक दाणा निसटला. दाणे निसटायचेच, ते कोपऱ्यात जातात, नाहीतर पायाखाली चिरडतात. हा मात्र सावकाश घरंगळत खोलीच्या मधोमध गेला, जरासा मागेपुढे झाला आणि थांबला. मी दुसरा मुद्दाम सोडला. तोही तिथेच गेला. मग उठून समोरच्या भिंतीपासून एक सोडला, उंबऱ्यावरून एक सोडला. कुठूनही सोडा, सगळे मधेच येऊन एकमेकांना टेकत होते. मला भीती वाटली नाही. इतकी वर्षं जिच्यावर मी निजते, झाडू मारते, पाय पसरून बसते, ती जमीन सपाट नाही, ती एक भली मोठी उथळ ताटली आहे आणि तिच्या काठावर माझी खाट आहे, हे त्या क्षणी समजलं. आश्चर्य म्हणजे मला ते सुंदर वाटलं. मी बाबांना हाक मारली नाही, पण मी इतका वेळ गप्प आहे म्हटल्यावर तेच डोकावले. त्यांनी दाण्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, स्वयंपाकघरात जाऊन पेलाभर पाणी आणलं आणि दारातच ओतलं. पाणी वाटेत कुठेही न रेंगाळता मधे गेलं आणि दाण्यांभोवती तळं करून राहिलं. बाबा उकिडवे बसले. मग तोंडातल्या तोंडात म्हणाले, "हा उतार माझा नाही."

हे त्यांनी ज्या आवाजात म्हटलं तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. बाबा फरशीवाले. जन्मभर लोकांच्या घरांत गुडघ्यांवर बसून त्यांनी फरश्या बसवल्या आणि काम संपलं की पेलाभर पाणी ओतून दाखवलं: पाणी मोरीकडे गेलं तर मजुरी द्या, नाहीतर देऊ नका. आमच्या घराची फरशीही त्यांचीच. लोकांच्या जमिनी पाहून त्यांचं एक ठाम मत झालं होतं की जगात एकही खोली काटकोनात नाही. "भिंती तिरक्याच असतात," ते म्हणायचे, "आपण फक्त कुणाला कळू द्यायचं नाही." कुणाच्या घरी जेवायला गेलो तर आई माणसं बघायची आणि बाबा कोपरे. घरमालकाचं नाव त्यांना आठवायचं नाही, पण त्याच्या न्हाणीघरात डावीकडे दोन बोटांचा फरक कसा निघाला आणि तो दाराआड कसा जिरवला हे आठवायचं. आई गेली, दादा नोकरीसाठी दूरच्या शहरात गेला, बाबांचे गुडघे गेले, आणि घरात उरलो आम्ही दोघं आणि फरश्या.

या फरश्यांचं सांगायला हवं. बाबांच्या धंद्यात एक रिवाज होता. प्रत्येक कामाची एक फरशी जास्तीची मागून घ्यायची आणि जपून ठेवायची. भट्टी बदलली की रंग बदलतो. उद्या त्या घरात एखादी फरशी फुटली तर तीच छटा पुन्हा मिळत नाही. घरमालक जास्तीची फरशी हमखास हरवतो, तिच्यावर कुंडी ठेवतो. म्हणून ती फरशीवाल्याने ठेवायची आणि जाताना म्हणायचं, कधी फुटली तर या, माझ्याकडे आहे. बाकीच्यांनी हे नुसतं म्हणून सोडून दिलं असेल. बाबांनी शब्द पाळला. आमच्या घरात शहरभरच्या खोल्या एकेका तुकड्याने येऊन राहिल्या होत्या. आधी गॅलरीत, मग बाहेरच्या खोलीत, मग बाबांच्या पलंगाखाली. आणि मग माझ्या खोलीत.

यात गंमत अशी की मी कशाला जागाच देत नाही. दोन ताटं, एक टॉवेल, मोजके कपडे, भिंतीवर काही नाही. दादा मला लहानपणापासून केरसुणी म्हणतो. तुझ्या हाती दिलं तर तू मलाही झाडून बाहेर टाकशील, असं त्याचं म्हणणं. माझं कामही मला शोभेल असंच आहे. मी कानाच्या दवाखान्यात ऐकण्याच्या तपासण्या करते. माझी अर्धी हयात एका छोट्या, आवाज न शिरणाऱ्या खोलीच्या काचेबाहेर गेली. आत माणूस बसतो आणि मी त्याच्या कानात अगदी बारीक सूर सोडते, आणखी बारीक, आणखी, आणि तो ऐकू आल्याची खूण कुठवर करतो ते पाहते. त्या खोलीत काही नाही म्हणूनच तिथे इतकं बारीक ऐकू येतं. घरही तसंच असावं अशी माझी फार इच्छा. मी टाकत गेले. पण मोकळी जागा दिसली की बाबांना ती मोकळी वाटतच नसे, शिल्लक वाटे. मी कपाट काढलं, त्या जागी फरश्यांची चळत आली. पुस्तकं वाटून टाकली, मांडणीवर फरश्या. खाटेखालची पेटी गेली, खाटेखाली फरश्या. वाद घालून झाला, अबोला धरून झाला. "अगं, असू दे, खायला मागतात का त्या?" एवढंच त्यांचं उत्तर. मी जितकी साधी राहत गेले तितके बाबा श्रीमंत होत गेले. शेवटी खोलीत चळतींमधल्या वाटा आणि मधला एक चौकोन एवढाच माझा राहिला होता, आणि दाणे जमले ते नेमके त्याच चौकोनात.

मला वाटलं होतं, जमीन कशाच्या भाराने वाकली ते आता त्यांच्या लक्षात येईल. आलंही, पण त्यांच्या पद्धतीने. दुसऱ्या दिवशी मी कामावरून आले तर खोलीचं दार बंद, आणि बाबा बाहेर खुर्चीत, कोपरापर्यंत सिमेंट, चेहऱ्यावर कित्येक वर्षांत न दिसलेलं तेज. "आत पाय टाकू नकोस, ओलं आहे," ते म्हणाले. त्यांनी तो खळगा भरून काढला होता. वाळू-सिमेंटचा थर देऊन, वर जुन्या चळतींतल्या फरश्या लावून, दोरी धरून, दाराकडे नावापुरता उतार ठेवून, अगदी पाण्यासारखी सपाट जमीन केली होती त्यांनी, त्या गुडघ्यांनिशी. वेगवेगळ्या घरांच्या फरश्या शेजारी शेजारी. तरी सांधा कुठे चुकलेला नाही. मी दारात उभी राहून बघत राहिले. रागवायचं होतं, पण काम फार चोख होतं. वाळल्यावर त्यांनी पाणी ओतून दाखवलं आणि ते मुकाट दाराकडे आलं. जमीन वाकली तर वर आणखी जमीन घालायची, एवढंच त्यांना माहीत होतं. आयुष्यभर त्यांनी खालचं वाकडं वरून सरळ केलं होतं. आजार रेड्याला आणि औषध पखालीला, असं मी नंतर दादाला फोनवर म्हटलं, पण त्या दिवशी तेवढं मलाही सुचलं नव्हतं.

आठवडाही उलटला नसेल, खालच्या मजल्यावरच्या शिवणबाई वर आल्या. या बाई घरीच शिवणयंत्रावर कपडे शिवतात. फार बोलतात पण भांडत नाहीत. "वर काय हत्ती पाळलाय का हो?" त्यांनी दारातूनच विचारलं. मग मला हाताला धरून खाली नेलं आणि वर बोट दाखवलं. त्यांच्या छताला या टोकापासून त्या टोकापर्यंत तडा गेला होता, केसाएवढा, आणि यंत्रावर पोपड्यांची पांढरी भुकटी. मी मान वर करून उभी होते. छत खाली आलेलं डोळ्यांना दिसत होतं, पोट सुटल्यासारखं. आपण जिथे राहतो ते घर खालून मी पहिल्यांदाच पाहत होते.

इमारतीच्या लोकांनी इंजिनियर बोलावला. बारीक अंगाचा, सर्दी झालेला, हळू बोलणारा माणूस. त्याने वर पाहिलं, खाली पाहिलं, एक फरशी हातात घेऊन तोलली, सगळ्या चळतींकडे एकदा नजर टाकली आणि नाक पुसलं. कुणाला दोष दिला नाही. म्हणाला, "खोली पूर्ण रिकामी करा. नवा थरसुद्धा फोडून काढा. मी खालून मोजायचा काटा लावतो. वजन गेल्यावर स्लॅब किती उचलते ते बघू." बाबांनी विचारलं, "उचलते म्हणजे?" तो म्हणाला, "काका, काँक्रीट वाकतं आणि सोडलं की परत येतं. सगळं नाही येत. वर्षानुवर्षं वाकून राहिलेलं थोडं तसंच राहतं. पण तिच्यात जीव असेल तर ती ठरावीक खुणेपर्यंत येईल. आली तर तडा भरून घेऊ, तुम्ही राहा. नाही आली तर वरची-खालची दोन्ही घरं खाली करावी लागतील." दादाला कळवलं तर तो म्हणाला, "केरसुणे, शेवटी जिंकलीस. घर सोडावं लागलं तर बाबांना माझ्याकडे आण. इथे जागा आहे." इथे जागा आहे, हे वाक्य मला रात्रंदिवस ऐकू येत राहिलं. दादाच्या घराचा चौदावा मजला, तिथल्या लिफ्टला बाबा घाबरतात, तिथली जमीन लाकडाच्या रंगाच्या चटईची. तिथे त्यांचं काय होईल ते मला दिसत होतं. ते खुर्चीत बसतील आणि खाली बघणार नाहीत.

काटा लावला तो दिवस मी विसरणार नाही. शिवणबाईंच्या खोलीत जमिनीपासून छताखालपर्यंत एक लोखंडी दांडा उभा केला, त्याच्या टोकाला घड्याळासारखी तबकडी, आणि तिच्यातून निघालेली एक नाजूक कांडी छताला जेमतेम टेकलेली. इंजिनियरने काचेवर मेणाच्या पेन्सिलीने खूण केली: इथपर्यंत यायला हवा. खूण काट्यापासून लांब नव्हती, पण तेवढं अंतर एका अख्ख्या जमिनीने चालून यायचं होतं. वर मुकादमाच्या माणसांनी पहिल्या चळती उचलायला सुरुवात केली. मुकादम बाबांचा जुना ओळखीचा. त्याच्या एका कामावर जोत्यात भराव घालायचा होता, तो फरश्या न्यायला तयार झाला. बाबा मुकादमाला म्हणाले होते, "भरावात जाणार म्हणजे जमिनीखालीच ना? मग चालेल." आणि मला स्वयंपाकघरात बाजूला घेऊन विचारलं होतं, "उद्या कुणी आलं तर?"

"कुणी येणार नाही, बाबा."

"ते मला माहीत आहे गं. पण माझ्याकडे आहे म्हणून मी सांगितलं होतं."

मी त्यांचा हात धरला. सिमेंटने खाल्लेली त्यांची बोटं माझ्या हातात गार लागली, आणि मला रडू आलं ते मी लपवलं नाही.

वर-खाली करताना मीही फरश्या वाहिल्या. प्रत्येकीच्या पाठीवर बाबांनी पेन्सिलीने लिहिलं होतं, नाव-पत्ता नव्हे, त्यांना जे आठवायचं ते: रडक्या मुलीचं घर. दोन कुत्रे. जिन्यातला अंधार. मिशीवाले डॉक्टर, उजवा कोपरा लबाड. नवरा-बायको बोलत नाहीत. एकीवर नुसतं 'ऊन' असं लिहिलं होतं. मी ती दोन्ही हातांत धरून जिन्यात उभी राहिले. कुणाच्या तरी खोलीत कधीतरी इतकं ऊन आलं होतं की गुडघ्यांवर बसलेल्या एका माणसाला ते लिहून ठेवावंसं वाटलं. मी जिला अडगळ म्हणत होते तिच्याच जोडीच्या फरश्यांवरून शहरभरची माणसं चालतात, त्या खोल्यांत मुलं रांगतात, म्हातारी माणसं चाचपडत दिवा लावतात, आणि त्यातल्या एकालाही कल्पना नाही की त्यांच्या जमिनीचा एक तुकडा माझ्या खाटेखाली त्यांची वाट पाहतो आहे. त्या दिवसांत दवाखान्यात जाताना मी खाली बघत चालायची सवय लावून घेतली: पायऱ्या, दुकानांचे उंबरे, बँकेतला गुळगुळीत चौक. हे बाबांचं असेल का, हेही असेल का. सगळं शहर कुणाच्यातरी गुडघ्यांवर उभं आहे असं वाटायचं. तरीही ती फरशी मी ठेवून घेतली नाही. टेम्पोत इतरांबरोबर ठेवली. मला तिचा मोह झाला होता, हे मात्र खरं.

आणि काटा हलला. मी तेव्हा खालीच होते, स्टुलावर चढून, नाक तबकडीला लावून. वर धाप्पकन काही ठेवल्याचा आवाज झाला, पावलं दाराकडे गेली, आणि काट्याचं टोक रेघेवरून सरकलं. इतकं थोडं की डोळ्यांची पापणी लवली असती तर चुकलं असतं. पण मी पापणी न लवता बघण्यातच जन्म घालवला आहे. पुन्हा पावलं गेली, पुन्हा सरकलं. वरची जमीन उठत होती. दगडासारखी ती, जिच्यावर आपटलं तर डोकं फुटतं, ती एकेका चळतीगणिक श्वास सोडल्यासारखी वर येत होती, आणि आजवर ती इतका भार घेऊन आमच्याखाली मुकाट वाकत गेली होती. मी शिवणबाईंना हाक मारली. त्यांनी चष्मा लावून पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि बडबड विसरून हात जोडले. कशाला जोडले ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मीही जोडले असते, पण स्टूल डगमगत होतं.

शेवटचा नवा थर बाबांनी स्वतः काढला. दुसऱ्या कुणाला छिन्नी लावू दिली नाही. ठोकायचं हळू, असं इंजिनियरने बजावलं होतं, आणि बाबांनी ते इतक्या हळुवारपणे केलं की खाली शिवणबाईंचं शिवण चालू राहिलं. स्वतः जोडलेले सांधे ते एकेक करून सोडवत होते. मी त्यांच्या मागे बसून तुकडे घमेल्यात भरत होते. "चांगलं झालं होतं काम," ते एकदाच म्हणाले. मी म्हटलं, "फार चांगलं झालं होतं." मग जुनी जमीन दिसू लागली, तो खळगा घेऊन. वाळूसुद्धा झाडून काढली. माझी खाट आधीच बाहेर गेली होती. मला हवी तशी खोली अखेर झाली होती, भिंती आणि उजेड, बाकी काही नाही. आणि तिच्यात उभी राहिले तेव्हा मला आनंद झाला नाही, फक्त वाटलं की आपण फार मोठ्या कुणाच्यातरी तळहातावर उभे आहोत.

इंजिनियर म्हणाला होता, एक दिवस जाऊ द्या, ती सावकाश येते. दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला, स्टुलावर चढला, आणि उतरला नाही. शिवणबाई आणि मी खाली उभ्या. काटा खुणेच्या अगदी काठाशी आला होता, पण अलीकडे. केसभर अलीकडे. त्याने तबकडीला नखाने टिचकी मारली, दांडा तपासला, नाक ओढलं. "एवढ्यासाठी नापास करायचं जिवावर येतं," तो म्हणाला, "पण खूण म्हणजे खूण. वर काही राहिलंय का? एखादी गोणी, पिंप?" मी म्हटलं, काही नाही, सुतळीसुद्धा नाही. आणि म्हणता म्हणताच मला कळलं. सकाळपासून बाबा कुठे आहेत हे मी पाहिलं नव्हतं.

मी जिना चढून गेले. खोलीच्या मधोमध, खळग्याच्या तळाशी, बाबा मांडी घालून बसले होते. पायांत अजून कामाच्या चपला, तुकडे बोचू नयेत म्हणून घातलेल्या, काढायच्या राहिलेल्या. दोन्ही तळवे जमिनीवर टेकवलेले. मी दारातच थांबले. हा एवढासा, गुडघे गेलेला माणूस. त्याच्या बसण्याने खालची जमीन वाकते, आणि तेवढं वाकणं खाली तबकडीवर दिसतं. इतकी वर्षं मी फरश्यांचं ओझं मोजत आले होते, यांचं वजन आहे हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

"बाबा," मी म्हटलं, "तुम्ही जरा बाहेर येता का?"

"का?"

"काटा केसभर मागे आहे. तो केस तुम्ही आहात."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं हसतील, ते हसले नाहीत. "मी?" त्यांनी विचारलं, एखाद्या मुलाने विचारावं तसं, आणि जमिनीवरचे हात उचलून त्यांच्याकडे पाहिलं. मग भिंतीला धरून, गुडघे सांभाळत, उठले. मी हात द्यायला आत गेले नाही. आणखी एक वजन नको म्हणून. ते एकेक पाऊल टाकत उंबऱ्याबाहेर आले आणि आम्ही दोघं दाराशी खोलीकडे तोंड करून उभे राहिलो. आत कुणी नव्हतं. खालून काही ऐकू येत नव्हतं. बाबांचा श्वास तेवढा ऐकू येत होता. मग शिवणबाईंच्या खिडकीतून त्यांचा आवाज आला, "आला गं, आला. खुणेवर आला." आणि मागोमाग इंजिनियरचा, सर्दीतला, "पास."

बाबांनी दाराची चौकट धरली होती. ती त्यांनी सोडली. मग मला विचारलं, "आता आत गेलं तर चालेल?"

स्वतःच्या घरात, स्वतः बसवलेल्या जमिनीवर पाय ठेवायला ते माझी परवानगी मागत होते. मी मान डोलावली. त्यांनी उंबऱ्याशी चपला काढल्या, बाजूला नीट लावून ठेवल्या, आणि अनवाणी आत गेले. खालून लगेच शिवणबाई घाबरून ओरडल्या, "अहो, हा परत हलला बघा." आणि इंजिनियर म्हणाला, "असू द्या हो बाई. माणूस आहे ते."

मग मीही चपला काढल्या.